आपलं रॉक कुठलं? मामा-भाचीचा एक वाद

भारतातलं रॉक ऐकायला कुठल्या अल्बमांपासून सुरुवात करावी, यावर आमच्या घरात मध्यंतरी जो वाद झाला तो लिहून ठेवावासा वाटला. कारण वाद नुसत्या आवडीनिवडीचा राहिला नाही, तो 'आपलं' कशाला म्हणायचं इथवर गेला. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गणपतीत ढोल-पथकात वाजवते. तिच्या प्रोजेक्टमुळे ओळख झालेल्या एका जर्मन मुलाने तिला विचारलं, तुमच्या देशातले पाच रॉक अल्बम सांग. तिने तो प्रश्न मामापुढे ठेवला. मामा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, कॉलेजात असल्यापासून या संगीतात आकंठ बुडालेला. त्याने लगेच पाच नावं सांगितली. त्यातली तीन तिला मान्य नव्हती. मी स्वतः भावगीतांवर वाढलेली. पण त्या दोघांचं ऐकता ऐकता बरंच काही कळलं, आणि एकदोन ठिकाणी मलाही बोलल्यावाचून राहवलं नाही.

मामा : पहिलं नाव रॉक मशीनचं. 'रॉक अँड रोल रेनेगेड', 1988. दुसरं काही सांगायच्या आधी त्याला हे सांग.

भाची : मी ऐकलाय तो, मामा. वाजवलंय फार छान, गिटार तर सुरेखच. पण डोळे मिटून ऐकलं तर लॉस एंजेलिसचा कुठलासा बँड वाटतो. त्या मुलाने विचारलंय तुमच्या देशातलं काय आहे. त्याच्याच बाजूचं त्याला परत पाठवू का?

मामा : तू आजच्या कानाने ऐकतेस. तेव्हा रॉक बँड म्हणजे काय होतं, ते बघ. डीप पर्पल, लेड झेपेलिन हुबेहूब वाजवून दाखवायचं, बस. लोकांना तेच हवं असायचं. स्वतःचं गाणं सुरू केलं की खालून आरडाओरडा, कव्हर वाजवा म्हणून. अशा काळात 1984 साली मुंबईत हा बँड निघाला आणि चार वर्षांत त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला. चांगली गिटार मिळणं मुश्कील, परदेशातून मागवायची तर शुल्क डोक्यावरून जाणारं. कुणाचा काका आखातातून येणार असला की त्याच्या सामानात पेडल नि तारा मागवायच्या. उदय बेनेगल गायला, महेश तिनईकरने गिटार वाजवली. तिनईकर! हे नाव कॅसेटच्या कागदावर वाचलं तेव्हा मला काय वाटलं असेल? नाशिकमध्ये बसलेल्या पोराला पहिल्यांदा कळलं, की हे आपल्यातलाही माणूस करू शकतो.

भाची : ते धाडस मला मान्य आहे. पण धाडस ही इतिहासातली गोष्ट झाली. अल्बम मी आज ऐकणार आहे ना?

इथे भावाबद्दल थोडं सांगायला हवं. ती कॅसेट त्याने इतकी वाजवली की घरातल्या सगळ्यांना गाण्यांचा क्रम पाठ झाला होता. 1986 साली मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झाला. ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, धोबीतलावच्या रंगभवनात दिवसभर बँड वाजायचे. आमच्या वडिलांना कळू न देता हा सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचा आणि परतीला रात्री मिळेल ती गाडी धरायचा. वरती छप्पर नाही, ऑगस्टचा पाऊस, आणि हजारो पोरं चिखलात उभी. रंगभवनाच्या आसपास रुग्णालयं आणि शाळा. पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले आणि तिथले रात्रीचे कार्यक्रम थांबले. ते थांबल्याचं त्याला अजून वाईट वाटतं. 1993 साली अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' निघू लागलं, ते त्याने टपालाने मागवलं. रॉकवरचं देशातलं महत्त्वाचं मासिक मुंबईहून नाही, दिल्लीहून नाही, अलाहाबादहून निघतं, याचा त्याला फार आधार वाटायचा. नाशिकच्या माणसाला का वाटायचा, हे वेगळं सांगायला नको.

मामा : बरं, तुला 'आपलं' हवंय तर रेमो घे. रेमो फर्नांडिस, 'गोवन क्रेझी', 1984. भाषा इंग्रजी, पण एकेक गाणं गोव्याचं आहे. तिथलं राजकारण, तिथले पर्यटक, तिथली माणसं. हा माणूस मुंबईत वास्तुशास्त्र शिकला, परत गावी गेला, शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर सगळी वाद्यं एकट्याने वाजवून अल्बम ध्वनिमुद्रित केला. आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानादुकानांत स्वतः पोचवल्या. कंपनी नाही, जाहिरात नाही. दोनच वर्षांत 'पॅक दॅट स्मॅक' आला, अंमली पदार्थांविरुद्ध. तोपर्यंत देशभरात नाव झालं.

भाची : याला माझी ना नाही. हा मी बसमध्ये पूर्ण ऐकला. चार ट्रॅक म्हणजे काय ते आता कुणाला कळणार नाही. एकावर एक वाद्य चढवायचं आणि जागा संपली की आधीची एकत्र करून पुन्हा जागा काढायची. एकदा एकत्र केलं की परत सुटं करता येत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी निर्णय घ्यावा लागतो. त्यामुळेच त्या अल्बममध्ये फापटपसारा नाही.

मामा : मग माझं म्हणणं सिद्ध झालं! भाषा इंग्रजी असून तुला तो आपला वाटला.

भाची : भाषेचा हट्ट मी केलाच कुठे? माझा हट्ट पत्त्याचा आहे. गाणं ऐकून कळलं पाहिजे, हे कुठे राहणाऱ्या माणसाने केलंय. रेमोचं कळतं. 'रेनेगेड'चं नाही कळत. त्याच बँडने 1993 साली नाव बदलून इंडस क्रीड केलं आणि 1995 साली त्या नावाचा अल्बम काढला. तिथे त्यांचा आवाज आपल्याकडे वळायला लागतो. एक तर तो पाठवू, नाही तर त्यांचा 2012 चा 'इव्हॉल्व्ह'.

मामा यावर बराच वेळ गप्प होता. मला मुलीचं म्हणणं पटलं, पण पूर्ण नाही. जे पहिल्यांदा करतात त्यांच्या हातून उसनं थोडं राहतंच, आणि त्यांनी ते केलं नसतं तर पुढच्यांना आपलं शोधायला सवडच मिळाली नसती.

भाची : आता माझं नाव ऐक. 'कंदीसा'. इंडियन ओशन, 2000.

मामा : अल्बम उत्तम. पण तो रॉक नाही.

भाची : का नाही?

मामा : गिटारला धार नाही. सुस्मित सेन वाजवतो ते सतारीच्या अंगाने, स्वच्छ, सुट्या तारेत. असीम चक्रवर्ती तबला वाजवत गातो. भजनाच्या बैठकीत आणि या बैठकीत मला फार फरक दिसत नाही. मला ते आवडतं, डोळ्यांत पाणी येतं, पण रॉक म्हणजे अंगावर यायला हवं. हे अंगावर येत नाही, आत झिरपतं.

भाची : 'हिल्ले ले' अंगावर येत नाही? गोरख पांडेंचं गाणं आहे ते, भोजपुरीतलं, आंदोलनातलं. राहुल राम ज्या तऱ्हेने ते ओढत नेतो, त्या बेसवर अख्खी गर्दी हलते. आणि 'मा रेवा'? तू नंदुरबारला नोकरीला होतास ना?

इथे वाद वेगळ्याच ठिकाणी गेला, आणि माझ्या मते संध्याकाळभरातला हाच भाग सगळ्यात मोलाचा. भाऊ काही वर्षं नंदुरबारकडे होता. नर्मदा महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहते ती तिथेच, अक्कलकुवा आणि अक्राणीच्या डोंगरांतून. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं पहिलं गाव गेलं ते अक्कलकुव्यातलं मणिबेली. इंडियन ओशनचा राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर पीएच.डी. करून आला आणि नव्वदच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात नर्मदा बचाव आंदोलनात पूर्ण वेळ राहिला. 'मा रेवा' हे नर्मदेच्या काठावरचं लोकगीत. म्हणजे दिल्लीच्या बँडच्या अल्बमवर ते आलं ते कुणा संशोधकाच्या वहीतून नव्हे, तर नदीकाठी माणसांबरोबर राहिलेल्या बेसवादकाकडून. गाण्यात नदीची स्तुती आहे, तक्रारीचा शब्द नाही. पण ती नदी अडवली जात असताना हे गाणं गाणं म्हणजे काय, हे त्या वर्षांत अक्राणीतल्या धडगावला जाऊन आलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. भावाने हे गाणं पुष्कळदा ऐकलं होतं. बेसवादक कोण आणि कुठून आला, हे मात्र त्याला त्या दिवशी भाचीकडून कळलं.

मामा : हे मला माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा तसाच आहे. गाण्यामागची गोष्ट मोठी असली म्हणून संगीताची जात बदलत नाही.

भाची : मग जात ठरवते कोण? तू म्हणतोस धार हवी, डिस्टॉर्शन हवं. ते एक यंत्र आहे, मामा. पेडलवर पाय ठेवला की येतं. त्यांचा 'डेझर्ट रेन' ऐक, 1997. दिल्लीत सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ दर वर्षी 1 जानेवारीला कार्यक्रम होतो, त्यात रस्त्यावर वाजवलेलं ध्वनिमुद्रण आहे ते. एका नाटकवाल्याला रस्त्यावर मारलं, त्याच्या आठवणीसाठी थंडीत उघड्यावर वाजवलेलं संगीत रॉक नाही, तर मग कुठलं आहे?

मामा : अशाने तू वामनदादांनाही रॉकमध्ये घालशील.

भाची : घालेन की! सिन्नर तालुक्यातलं देशवंडी, इथून किती दूर आहे? वामनदादा कर्डकांइतका अंगावर येणारा गाणारा माणूस आपल्या जिल्ह्यात दुसरा झाला का?

मामा : (आवाज चढवून) नाही, तिथे थांब. वामनदादांना रॉकचं प्रशस्तिपत्र लागत नाही. आपल्याकडे काही मोठं दिसलं की त्याला बाहेरचं नाव द्यायचं, म्हणजे आपण त्याचा मोठेपणा बाहेरच्या मापाने मोजतो. ज्या शहरात 1930 साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, त्या मातीतून आलेली ती गाणी आहेत. त्यांना शाहिरी म्हणतात, भीमगीत म्हणतात, आणि ती नावं पुरेशी आहेत. मी रॉकची व्याख्या घट्ट धरतो ती रॉकला मोठं करायला नव्हे. बाकीच्यांना त्यांच्या जागी राहू द्यावं म्हणून.

मला वाटतं, हे भावाचं त्या दिवशीचं सर्वांत चांगलं वाक्य. आमचे वडील वामनदादांच्या कार्यक्रमाला आम्हाला घेऊन जायचे. रॉकवेड्या भावाचा कान तिथेही घडला आहे, हे मला आधी नीटसं जाणवलं नव्हतं. मुलगीही गप्प झाली. पण 'कंदीसा'वरचा हक्क तिने सोडला नाही. शीर्षकगीत हे केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना आहे, आणि एकाच अल्बममध्ये नर्मदा, भोजपुरी आंदोलन आणि केरळचं चर्च असं सगळं एका बैठकीत येतं, सुटं सुटं वाटत नाही, हे तिचं म्हणणं. यावर मामाने मान तुकवली. असीम चक्रवर्ती 2009 च्या डिसेंबरात गेला. त्यानंतरही बँड वाजवतोच आहे. पण तबल्यावर हात आणि वर तो मोकळा आवाज, हे एकत्र 'कंदीसा'तच ऐकावं. ज्यांना हे संगीत अगदी नवं आहे त्यांनी याच अल्बमपासून सुरुवात करावी, असं माझंही मत आहे. मी स्वतः तिथूनच आत शिरले.

भाची : मामा, मला खरा राग कशाचा येतो सांगू? बंगालीत 1977 साली मोहिनेर घोडागुली या बँडने 'संविग्न पाखिकुल ओ कलकाता विषयक' काढला. बंगाली शब्द, बाउलांचा सूर आणि गिटार. खपला नाही, पण वीस वर्षांनी नव्या पोरांनी त्या बँडच्या गौतम चट्टोपाध्यायला शोधून काढलं, गाणी पुन्हा घुमली. त्यांचंच एक गाणं 'गँगस्टर' सिनेमात हिंदी होऊन आलं, ते तर तू गुणगुणतोस. मल्याळममध्ये 2008 साली अवियलचा 'अवियल' आला, सगळाच्या सगळा मल्याळममध्ये, आणि काय दणका आहे त्यात! त्याच वर्षी कोचीच्या मदरजेनचा 'मक्तूब' आला. तो इंग्रजीत, पण बैजू धर्मजनची गिटार कर्नाटक संगीतातल्या गमका घेत चालते. मग मराठीत काय? आपण कुठे होतो?

मामा : आपण होतो. नंदू भेंडे होता.

हे नाव घेताना भावाचा चेहरा उजळतो. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. मराठी रंगभूमीच्या घरात वाढलेला, आणि सत्तरच्या दशकात मुंबईच्या रॉकमधला पहिल्या फळीचा गायक. 1974 साली अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' केलं, त्यात तो ज्यूडास होता. अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या बँडबरोबर तो गायला. त्या बँडचं 'ऑब्सेशन' तीसेक वर्षांनी, 2011 साली, अमेरिकेतल्या एका कंपनीने शोधून पुन्हा प्रसिद्ध केलं. आणि 1978 साली पु. लं.नी ब्रेख्टवरून लिहिलेलं, जब्बार पटेलांनी थिएटर अकादमीतर्फे बसवलेलं 'तीन पैशाचा तमाशा' आलं. त्यात अंकुश होऊन नंदू भेंडे रंगमंचावर गायला. लावणी आणि नाट्यपद ऐकायला आलेल्या मराठी प्रेक्षकांसमोर रॉकच्या गळ्याने मराठी शब्द म्हटले गेले, आणि प्रेक्षकांनी ते उचलून धरले. 2014 साली तो गेला.

मामा : तेव्हा तो दरवाजा उघडला होता. कुणी आत शिरलं नाही. नाटक होतं म्हणून लोकांनी स्वीकारलं, नाटक संपल्यावर तो सूरही नाटकाबरोबर गेला. आपल्याकडच्या पोरांनी रॉक केलं ते इंग्रजीत केलं किंवा हिंदीत. पुण्याचा अग्नी घे, 2007 चा अल्बम, गाणी चांगली, पण हिंदी. मुंबईचे मेटलवाले घे, इंग्रजी. मराठीतून अभंग रॉकच्या अंगाने गाणारा अभंग रिपोस्टसारखा बँड आहे, मला आवडतो. पण ते शब्द संतांचे. आजच्या मराठी माणसाने आज लिहिलेला, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एका दमात ऐकावा असा रॉक अल्बम मराठीत माझ्या हाती अजून पडलेला नाही.

भाची : का पण?

इथे मी बोलले. मला वाटतं, कारण आपल्या गाणं ऐकण्याच्या सवयीत आहे. आकाशवाणीवर आम्ही लहानपणी गाणं ऐकायचो तेव्हा आधी तीन नावं सांगितली जायची: गीत कुणाचं, संगीत कुणाचं, स्वर कुणाचा. गदिमा, बाबूजी, आशाताई. कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा. वाजवणाऱ्यांची नावं तर कुणी सांगायचंच नाही. हीच मराठी भावगीताची ताकद. त्या तिघांच्या जोरावर आपल्याकडे जे झालं ते दुसरीकडे क्वचितच झालं. पण रॉक बँड याच्या नेमका उलटा. चार जण एका खोलीत बसतात. तेच लिहितात, तेच चाल लावतात, तेच वाजवतात आणि तेच गातात. गिटारवाल्याचं नाव गायकाइतकंच मोठं. बंगालमध्ये बाउल स्वतःच रचतो, स्वतःच एकतारी धरतो, स्वतःच गातो. त्यांना बँड ओळखीचा वाटला असणार. आपण कवीचे शब्द एका गळ्यातून ऐकायला सरावलेलो. म्हणून आपली हुशार पोरं एक तर गायक होतात किंवा संगीतकार, बँड होत नाहीत.

मामा : ताई, हे बरोबर आहे. आणि पैसाही त्याच वाटेने जातो. कंपनी गायकाचा फोटो छापते.

भाची : आई, हे अर्धंच बरोबर आहे. आमचं पथक काय आहे मग? तिथे कवी नाही, गायक नाही, कुणाचाही फोटो नाही. पन्नास ढोल, पुढे ताशे. ताशाचा इशारा आला की हात बदलतो, सगळ्यांचा एकदम. नाशिक ढोल म्हणून देशभर ज्याचं नाव आहे, लग्नात आणि मिरवणुकीत लोक जो मागवतात, तो एकट्याचा असतो का? एकत्र वाजवायची सवय आपल्याला नाही असं म्हणू नकोस. आपल्याला ती रस्त्यावर आहे, अल्बममध्ये नाही.

मामा : (हसून) ताशा म्हणजे लीड गिटार, हे मला आधी कसं नाही सुचलं!

भाची : म्हणून माझं पुढचं नाव 'रक्षक'. ब्लडीवूड, दिल्लीचे, 2022. दहा गाणी. मेटल आहे, तुझी धार भरपूर आहे, आणि ढोल आहे.

मामा : ऐकलाय. पहिल्यांदा ऐकताना मला धास्ती होती, की ढोल नुसता वरून टाकलेला असेल. परदेशी लोकांना काहीतरी भारतीय दिसावं म्हणून लोक बासरीचा एक तुकडा टाकतात, तसा. तसं नाही हे कबूल. ढोल थांबला तर त्यांचं गाणं पडेल. पण तो ढोल पंजाबी आहे.

भाची : हो, आणि त्यांनी तो पंजाबी म्हणूनच वाजवलाय, हेच मला आवडतं. ते दिल्लीचे आहेत, त्यांच्या लग्नात तोच वाजतो. 'जी वीरे' ऐक, मनाने खचलेल्या मित्रासाठी आहे. 'दाना दान' बायकांवरच्या अत्याचारांविरुद्ध आहे. हे लोक वाकन या मेटलच्या मोठ्या जत्रेत 2019 साली जर्मनीत वाजवून आले. त्या मुलाला हा अल्बम आधीच माहीत असणार, तरी मी पाठवणार. आपल्या ढोलाचं मात्र अवघड आहे. मी आणि पथकातल्या दोघांनी गिटारवाल्या मित्राबरोबर करून बघितलं. टिपरूचा ठोका आणि बेस गिटार, दोन्ही खालच्या पट्टीत एकमेकांवर बसतात. शिवाय आमचा ढोल उघड्यावरच्या मिरवणुकीसाठी ताणलेला. बंद खोलीत माइकसमोर त्याची नुसती गुमगुम होते. पान जास्त ताणलं तर आवाज चढतो पण ढोलपणा जातो. शेवटी बेस काढून टाकला आणि ढोललाच बेस केलं. तेव्हा कुठे जमायला लागलं.

मामा : बेस काढून टाकला? (थोडं थांबून) हे तू मला आधी का नाही सांगितलंस? मला ऐकायचंय.

यानंतर अर्धा तास दोघंही यादी विसरून माइक कुठे ठेवायचा, ढोलाच्या थापेच्या बाजूला की टिपरूच्या, यावर बोलत होते. मला त्यातलं बरंचसं कळलं नाही. एवढं दिसलं, की भावाची घट्ट व्याख्या आणि मुलीची सैल व्याख्या, दोन्ही ढोलाच्या पानापाशी येऊन बाजूला पडल्या होत्या.

मुलीच्या वयाच्या पोरांचा लाडका अल्बम म्हणजे द लोकल ट्रेनचा 'आलस का पेड़', 2015. कॉलेजात तो सगळ्यांना पाठ आहे. मामाला तो गोड वाटतो पण ओळखीचा वाटतो. भाचीनेही तो पाचात घालायचा आग्रह धरला नाही. बंगळुरूच्या परवाझचा 'बारान' आणि शिलाँगच्या सोलमेटचे ब्लूज यांचीही नावं निघाली. ते दोन्ही ऐकावेत. पण पाचाच्या यादीत सगळं मावत नाही. गंगापूर रस्त्यावरच्या द्राक्षमळ्यात 2008 पासून 'सुला फेस्ट' भरू लागला तेव्हा देशातले बँड नाशिकच्या दाराशी आले, याचा विषय निघाला. मामाचं म्हणणं, तिथे ऐकायला मुंबई-पुण्याचे जास्त, आपण कमी. ते मला खरं वाटतं, आणि त्याला जबाबदार आपणच.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं सुरुवातीपासून एकमत होतं, आणि ते मला नवीन वाटलं. फोनवर गाणी उलटसुलट लागतात, तसं हे अल्बम ऐकू नयेत. करणाऱ्याने गाण्यांचा जो क्रम लावलाय, त्याच क्रमाने, मध्ये न थांबता ऐकावेत. मुलगी तर म्हणाली, 'कंदीसा'तलं शेवटचं गाणं आधीच्या सगळ्या गाण्यांशिवाय ऐकलं तर ती प्रार्थना फक्त सुंदर वाटते. सगळं ऐकून तिथे पोचलं की ती लागते. कॅसेट पुढे ढकलायला कंटाळा यायचा म्हणून मामाच्या पिढीला हे आपोआप मिळालं. आजच्या मुलांना ते ठरवून करावं लागतं.

शेवटी पाच ठरले: रेमोचा 'गोवन क्रेझी', इंडियन ओशनचा 'कंदीसा', अवियलचा 'अवियल', ब्लडीवूडचा 'रक्षक'. पाचव्या जागेवर शेवटपर्यंत ओढाताण चालली. भाची 1995 च्या 'इंडस क्रीड'वर अडून होती, मामा 1988 च्या 'रेनेगेड'वर. मी 'रेनेगेड'च्या बाजूने मत दिलं, म्हणून तो यादीत आहे. पुढच्यांना वाट मिळाली ती याच पिढीमुळे, आणि ज्याला आपली गोष्ट ऐकवायची त्याला ती सुरुवातीपासून ऐकवावी, असं मला वाटतं. माझ्या मुलीला हे अजूनही मान्य नाही.

यादीत मराठी अल्बम नाही. नाशिकमध्ये, सिन्नरला, निफाडला, नंदुरबारला कुणी पोरंपोरी गॅरेजमध्ये किंवा पथकाच्या सरावानंतर आपली गाणी आपल्या भाषेत, आपल्या ठोक्यावर बांधत असतील, तर त्यांना माझी विनंती आहे: एकेक गाणं सुटं सोडू नका, आठदहा गाण्यांचा अल्बम पुरा करा आणि लोकांपुढे आणा. आणि वाचकांना विनंती, तो आला की विकत घ्या आणि पहिल्या गाण्यापासून ऐका.